आमिनाबीची वादी

निजामाच्या अमलात माजलगावच्या जिनिंगला लागून पाशा शिकलगाराचं धार लावायचं दुकान होतं. साणेचं चाक त्याची बायको, आमिनाबी, चामड्याच्या वादीनं ओढायची. ओढायला तयार झाली की तोंडानं बोलायची नाही, वादी एकदा ताणायची. पात्याचं टोक आलं की पाशा जीभ टाळूला वाजवायचा, आणि ती चाक हळू करायची.

ती वारली आणि दुकान खायला उठलं. जिनिंगच्या उत्तरेश्वर मिस्त्रीनं तिथल्या डायनामोवरून वायर ओढून साणेला मोटर जोडून दिली.

"मोठी कावून न्हाई आणली?" पाशानं विचारलं.

"पातं जळंल, चाचा. लहानच बरी. ह्यो खटका सरकवला की वेग कमी-जास्त व्हतो."

पट्टा म्हणून पाशानं तीच जुनी वादी चढवली.

मिस्त्री गेल्यावर त्यानं विळा साणेला धरला. टोक आलं तशी सवयीनं जीभ वाजली.

चाक हळू झालं. खटका होता तिथंच होता.

पाशानं घाईघाईनं मोटर बंद केली, वायर उपटून काढली. वादी चाचपली. दोन मुठींएवढ्या जागी ती घामानं ओली होती.

"थकी क्या, आमिना?"

समोर कुणीच नव्हतं. वादी हळूच ताणली गेली, एकदा.