सारखी वाटणी

"यातली एकही रिकामी नव्हती," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं दोन्ही डिस्क टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

तो माणसांचा डॉक्टर नव्हता. बंद पडलेल्या डिस्कमधून लोकांच्या गोष्टी बाहेर काढून द्यायचा, म्हणून सगळा बाजार त्याला डॉक्टर म्हणायचा. माणूस स्वभावानं खवट. समोर आई बसली होती, तिच्या एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा. वडील गेल्यापासून दोघांची बोलचाल बंद. आज आले होते ते आईच्या हट्टापायी, नाहीतर एकमेकांच्या सावलीलाही उभे राहिले नसते.

"नीट बघा, डॉक्टर," थोरला म्हणाला. "माझी कोरी होती. भरलेली यानं ढापली आणि कोरी माझ्या गळ्यात मारली."

"चोराच्या उलट्या बोंबा!" धाकटा आईला म्हणाला. थोरल्याकडे त्यानं बघितलंही नाही. "कोरी मला दिली यानं. मी घरी लावून बघितली ना."

वाटणीच्या दिवशी या दोघांनी खुर्च्यांच्या जोड्या फोडल्या होत्या, कपबशांच्या फोडल्या होत्या. वडिलांनी घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, रेकॉर्ड केलेली बोलणी एका काळ्या खोक्यात साठवली होती. ते कपाटावर दिवसरात्र घुमत असायचं. ते उघडलं तर आत दोन डिस्क. वाटणीला याहून सोयीचं काय असणार? एक तुला, एक मला. मोकळं खोकं भंगारात गेलं. आई तेव्हा शेजारच्या खोलीत होती, तिला कोणी विचारलं नाही.

"तुमच्या वडिलांनी दोन्ही डिस्क मिळून एक केली होती," डॉक्टर म्हणाला. "प्रत्येक फोटोचा, प्रत्येक व्हिडिओचा एक तुकडा इकडे, पुढचा तुकडा तिकडे. पुन्हा एक इकडे, एक तिकडे. एकटी डिस्क लावली की कॉम्प्युटरला काही उमगत नाही. तो विचारतो, वाचता येत नाही, फॉरमॅट करू का?"

"तेच विचारलं," दोघं भाऊ एकदम म्हणाले. एकदम बोललो म्हणून दोघांचीही तोंडं वाकडी झाली.

"मग? काय उत्तर दिलंत?"

थोरल्यानं 'नाही' म्हटलं होतं. त्यात शहाणपण काही नव्हतं, नुसता राग होता. फसवलं गेल्याच्या तिरमिरीत त्यानं डिस्क पक्कड-हातोड्यांच्या खणात भिरकावली आणि खण लाथेनं लोटला. परवा आईनं बाहेर काढायला लावली, तेव्हा ती नुसती टकटक करत होती. डॉक्टरनं तिचं पोट फाडून, सुटे भाग बदलून तिच्यातलं कसंबसं उतरवून घेतलं होतं.

"आणि तुम्ही?"

धाकट्यानं खांदे उडवले. "कोरीच आहे म्हटल्यावर 'हो' म्हटलं. मग पिक्चर भरले."

"काठोकाठ भरलेत," डॉक्टर म्हणाला. "खालचं आता कोणाच्या बापालाही काढता यायचं नाही."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. त्यानं उगाच माउस हलवला. पडद्यावर एक फोटो उघडला. वरच्या पट्टीत खिडकी होती, कोणाचे तरी केस होते. खाली सगळं करडं.

"पिक्चर!" थोरला उठलाच. "बापाच्या उरावर पिक्चर भरलेस तू?"

"खोकं कोणी फोडलं? माझा हात तरी लागला होता का त्याला?"

"सारखं वाट, सारखं वाट म्हणून नाचत कोण होतं?"

"कोरी निघाली तर एक फोन करायला काय झालं होतं तुला?"

"तुला काय झालं होतं?"

"अरे, मला त्यांचा आवाज हवा होता," आई म्हणाली.

ती मुलांशी नाही, डॉक्टरशी बोलत होती.

"चेहरा आहे माझ्याकडे, भिंतीवर लावलाय. आवाज आठवेनासा झालाय रे. रोज आठवायला बसते आणि या दोघांचेच आवाज येतात. एखादं वाक्य तरी निघेल का?"

"एक आहे, काकू," डॉक्टर म्हणाला. "अगदी लहान होतं, एकाच तुकड्यात मावलं, म्हणून वाचलं. पण त्यात ऐकण्यासारखं काही नाही."

"असू दे. लाव."

"त्याची कॉपी आधी मला," थोरला म्हणाला. "माझ्या डिस्कमधून निघालंय ते."

"का? बाप काय तुझ्या एकट्याचा होता?"

"ते गेले त्या दिवशी कुठं होतास, बाप म्हणणारा?"

धाकट्यानं त्याची कॉलर धरली. टेबल हललं. डॉक्टरनं आधी दोन्ही डिस्क हाताखाली दाबून धरल्या, मग उठून काचेचं दार उघडलं.

"बाहेर. दोघंही. तिकडं जाऊन जीव घ्या एकमेकांचा."

ते गेले, आणि जाता जाताही एकमेकांना ढकलत गेले. दार लागलं. काचेपलीकडे त्यांची तोंडं हलताना दिसत होती, बोटं एकमेकांच्या नाकाशी नाचत होती. आईनं खुर्ची वळवून दाराकडे पाठ केली.

डॉक्टरनं आवाज मोठा केला. थोडी खरखर झाली. कोणीतरी घसा साफ केला.

"हॅलो. हॅलो. येतंय का ऐकू?"

रेकॉर्डिंग तिथंच संपलं.

"येतंय," आई म्हणाली. "बोला ना."