सकाळचं वजन, संध्याकाळचं वजन

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. चांदीच्या साखळ्या बनवायचा एक कारखाना. कारखाना कसला, एक लांबडी खोली, अकरा बायका आणि दाराशी एक वजनकाटा, माणसं उभी राहतात तसला. काट्याशी खुर्ची टाकून एक मुलगी बसवलेली. तिचं काम एवढंच, सकाळी आत येताना प्रत्येकीचं वजन लिहायचं आणि संध्याकाळी बाहेर जाताना परत लिहायचं. बायका तिला काटेवाली म्हणायच्या. प्रेमाने नाही.

का, तर चांदी कमी भरत होती, आणि बायका तुकडे गिळून नेतात असं मालकाच्या डोक्यात बसलं होतं. संध्याकाळी जिचं वजन सकाळपेक्षा जास्त, ती चोर. तिने मागच्या खोलीत जायचं, तिथे मालकाची वहिनी कपडे उतरवून झडती घेणार. पहिल्या दिवशी अकराच्या अकरा चोर निघाल्या. आणि सापडलं काय? कपाळ. मालक मात्र खूश, म्हणे सगळं पोटात आहे.

काटेवालीला आठवड्याभरात कळलं काय चाललंय ते. दुपारी रिकामी होती म्हणून ती स्वतःच काट्यावर उभी राहिली. सकाळी एक्कावन्न, जेवण आणि चहा-पाणी झाल्यावर बावन्न. तिने जाऊन मालकाला सांगितलं, मी तर चांदीला बोटसुद्धा लावत नाही, तरी माझं किलोभर वाढतंय, अन्न पोटात गेलं की वाढणारच, रात्रीतून परत उतरतं. मालक दात कोरत होता. दातातून निघालेलं त्याने नीट बघितलं, परत तोंडात टाकलं, आणि म्हणाला,

"चांदी सकाळी किलो असली तर संध्याकाळीही किलोच असते. माणसालाच काय धाड भरलीय?"

वर म्हणाला, तू जरा कमी खात जा.

मग बायकांनी आपली आपण युक्ती काढली. सकाळी बाहेरच्या नळाला तोंड लावून पोट टम्म होईस्तोवर पाणी ढोसायचं आणि तसंच काट्यावर चढायचं. त्यानंतर दिवसभर घोटभरसुद्धा नाही. भट्टीच्या धगीत ओठ फुटायचे, आणि सुटायच्या आधी मोरीशी रांग लागायची. लघवीची लागायचीच, पण अगं, थुंकायचीसुद्धा. खाकरून खाकरून, शेवटच्या थेंबापर्यंत. त्या मोरीचा वास काटेवालीच्या खुर्चीपर्यंत यायचा. ती नाकाला रुमाल लावून आकडे लिहायची. आकडे एकदम झकास. मालक ज्याला त्याला सांगत सुटला, बघा, चोरी थांबली.

आणि एक दिवस कड्या जोडणारी मावशी उशिरा आली. तिला साखरेचं दुखणं. दिवसभर पाणी प्यावंच लागायचं, वेळेवर खावंच लागायचं, पण सकाळच्या त्या नळावर तिचं कसंबसं निभत होतं. त्या दिवशी नळाशी थांबायला वेळ नव्हता. धावत आली, घामाने निथळत, आतून कोरडीठाक, आणि तशीच काट्यावर चढली. एकसष्ट किलो चारशे. काटेवालीच्या लक्षात आलं होतं, बरं का. थांबा मावशी, आधी पाणी पिऊन या, एवढं म्हणायला काय लागतं? पण मालक मागेच उभा होता. तिने लिहून टाकलं.

संध्याकाळी बासष्ट किलो शंभर. मावशी मोरीत जाऊन आली. एकसष्ट नऊशे. परत गेली, थुंकली, नाक शिंकरलं. एकसष्ट नऊशे. बाकीच्या दहाजणी दाराशी खोळंबल्या होत्या. कुणी बघेना आणि कुणी जाईना.

त्यात वहिनी त्या दिवशी आलीच नव्हती. मालकाने हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, बाह्या सारल्या.

"चल आत," म्हणाला. "मीच बघतो."

मावशी जागची हलली नाही. तिने चांदी धुवायची निळी बादली पुढ्यात ओढली, गुडघ्यांवर बसली आणि दोन बोटं पार घशात घातली. अगं, सगळं. दुपारचा भात, पाणी, न विरघळलेली गोळी, पित्त. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा नुसती हिरवट लाळ, ती तुटेना, तेव्हा हाताने तोडली. मग भिंत धरून उठली आणि तोंडही न पुसता काट्यावर चढली.

एकसष्ट तीनशे.

काटेवालीने आकडा मोठ्याने वाचला. तिला वाटलं, सुटली बाई. म्हणाली, मालक, सकाळपेक्षा कमीच आहे, जाऊ दे त्यांना.

मालकाचं मावशीकडे लक्षच नव्हतं. तो वाकून बादलीत बघत होता, कोंबडी उकिरडा बघते तसा, मान तिरकी करून. मग आत गेला आणि चहाची गाळणी घेऊन आला. काटेवालीपुढे धरली.

"गाळून बघ. नाहीतर हिला आत नेतो."

गाळणीला दुपारच्या चहाचा चोथा तसाच चिकटलेला होता. काटेवालीने मावशीकडे बघितलं. मावशीच्या हनुवटीवरून थेंब ओघळत होता, आणि ती अजून काट्यावरच उभी होती, उतरायचं असतं हेच विसरल्यासारखी.

"गाळ पोरी," ती म्हणाली. "मला घरी जायचंय."

काटेवालीने गाळणी घेतली. बादली जवळ ओढली.

असं तोंड वाकडं करू नकोस. तू सांग, तू काय केलं असतंस?