जिला सोसेल ती

तासगावच्या त्या बेदाणा कारखान्यात आता कुणाला हिडीसफिडीस करून काढत नसत. नवं यंत्र आलं की एक बाई कमी व्हायची, आणि कुठली, ते मनगटावरचे पट्टे ठरवायचे. नाडी मोजून, आवाज ऐकून. काम गेल्यावर जी सगळ्यात कमी खचेल, तीच घरी जायची. माणुसकीचं धोरण म्हणून कंपनीला बक्षीससुद्धा मिळालं होतं.

यंत्र येणार हे कळल्यापासून महिनाभर बायका बेदाणे निवडता निवडता मनगट तोंडाजवळ नेऊन, पट्ट्याला ऐकू जाईल अशा बेताने मुसमुसत होत्या. शालनला मात्र ते जमेना. घरी नवरा वर्षभर अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या जिवावर, पण कामावर चार जणींत बसली की तिला थट्टाच सुचायची.

"शालाक्का, आता तरी रड की गं," शेजारची बेबी कळवळून म्हणाली.

"तुझं बघून हसूच येतंय. नाक पूस आधी, बेदाण्यात गळंल."

शनिवारी कारखान्याच्या तरुण मॅनेजर मानसी मॅडमनी शालनलाच केबिनमध्ये बोलावलं. "मावशी, पट्टा म्हणतोय, तुम्हाला सोसेल," एवढं बोलून त्या पोरीचेच डोळे भरून आले.

"उगी, बाळा. तू तरी काय करणार?" शालनने तिची पाठ थोपटली. पट्ट्यावरचा दिवा हिरवाच राहिला. मॅडमनी पट्टा सोडवून खणात ठेवला.

फाटकाबाहेर, नवऱ्याला काय सांगायचं ते ठरवता ठरवता, शालन मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. रडताना तिनेही बाकीच्या बायकांसारखं मनगट तोंडाजवळ नेलं. तिथे पट्ट्याचा पांढुरका वळ तेवढा उरला होता.