काखेतला रोल

"आधी संडास दाखवा," वीबे म्हणाला.

विक्रेता सीब्रेन हसला नाही. हीरेनवेन गावात राहायच्या-झोपायच्या सोयीच्या प्रवासी गाड्या विकून टक्कल पडलेल्या माणसाला असल्या गोष्टींचं हसू येत नाही. त्यानं मोठ्या गाडीतलं दार सरकवलं. आत पांढराशुभ्र कमोड, हातभर आरसा, गरम पाण्याचा शॉवर आणि शोभेला लावलेला कागदाचा कोरा रोल.

"घेतली," वीबे म्हणाला. ओव्हन, फ्रीज, छतावरचं सौर पॅनल, कशाकडे त्यानं पाहिलंही नाही.

"घेतली कसली?" मागून त्याची बायको रिन्स्के म्हणाली. "मला ती कोपऱ्यातली साधी आवडली. एक पलंग, दोन शेगड्या. झालं."

"वहिनी, त्या गाडीत संडास नाही."

"दिसतंय मला."

वीबेला घाम फुटला. या गाडीसाठी त्यानं आपली होडी विकली होती. फ्रीसलंडसारख्या तळ्या-कालव्यांच्या मुलखात होडी विकणारा माणूस एक तर मरायला टेकलेला असतो, नाही तर त्याचं मन त्याला खात असतं. वीबेची तब्येत ठणठणीत होती.

गाडीत संडास असला तर ते कॅम्पिंग कसलं, असं तो तरुणपणापासून छाती काढून सांगत आला होता. त्यामुळे दर उन्हाळ्यात, ओल्या गवतातून, मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या संडासापर्यंत रिन्स्के काखेत रोल मारून जायची. तिनं आजवर नेलेले रोल उलगडले असते, तर कागद हीरेनवेनहून निघून स्पेनला वळसा घालून घरी पोचला असता, आणि वर नाक शिंकरण्यापुरता उरला असता. भांड्यांचा टब घेऊन नळावर जायची तीही तीच. काम पाच मिनिटांचं, पण परतायला तिला तास लागायचा. यायची ती गाल लाल करून. बिचारीचे गुडघे, बिचारीला थंडी, असं म्हणून वीबे उबदार दुलईत कूस बदलायचा.

आणि ड्रेन्थच्या कॅम्पिंग मैदानावरची ती सकाळ. पाऊस कोसळत होता. रिन्स्के बाहेर चिखलात घसरली. धपकन आवाज आला, तो वीबेनं ऐकला. पाठोपाठ तिनं मारलेली हाकही ऐकली, आणि दुलई डोक्यावरून ओढून घेतली. बऱ्याच वेळानं शेजारच्या तंबूतल्या ट्रूसच्या खांद्यावर हात टाकून ती लंगडत आली, तेव्हा त्यानं मोठी जांभई देऊन विचारलं, "काय गं, काय झालं?" ती खोटी जांभई तेव्हापासून त्याच्या जबड्यात अडकून बसली होती. दाताच्या डॉक्टरलाही दाखवलं. त्याला काही सापडलं नाही.

"एकदा आत बसून तर बघ," त्यानं विनवलं.

रिन्स्के आत गेली. दार लावलं.

"बरं वाटतंय ना?" वीबेनं लगेच विचारलं.

"आत्ता तर आले."

"हवा येते का? दिवा लागतो का?"

दार उघडलं. "बघितलंस?" रिन्स्के म्हणाली. "आत उसासा टाकला तरी तू बाहेरून विचारशील, काय झालं म्हणून."

"विचारीनच. तेव्हा विचारलं नाही ना वेळेवर. रिन्स्के, ड्रेन्थला तू पडलीस, तेव्हा मी जागा होतो. तू हाक मारलीस. मी ऐकली, आणि पडून राहिलो."

सीब्रेनला अचानक कॉफी आणायची आठवण झाली.

रिन्स्के कमोडच्या झाकणावर बसली. वीबे मान खाली घालून उभा होता. आता शिव्या बसल्या असत्या तरी त्याचा जबडा सुटला असता.

"वेड्या," ती म्हणाली, "पाच मिनिटांच्या कामाला मला तास का लागायचा, हे कधी मनात नाही आलं तुझ्या? त्या नळावर आम्ही चौघी जमायचो. पत्ते असायचे, ट्रूसची बाटली असायची. वर्षभराचं हसू मी तिथे हसून घ्यायचे."

तिनं शोभेचा रोल काढला, सवयीनं काखेत मारला आणि गाडीतून उतरून साध्या गाडीकडे चालू लागली.

"पण ती हाक?" वीबेनं मागून विचारलं.

"ट्रूसला मारली होती," ती वळूनही न बघता म्हणाली. "तीसुद्धा हळूच. तू उठून येशील या भीतीनं."