छर्रा

छर्रा पाच सेकंद जागेवर राहिला. मग किंचित डोलला आणि खिडकीच्या दिशेने घरंगळत गेला. भिंतीला लागून टक्‌ असा आवाज झाला.

“उतार आहे,” नवरा म्हणाला आणि गुडघे झटकत उठला.

तो बेअरिंगच्या कारखान्यात माल तपासायचा. वाटाण्याएवढा हा पोलादी छर्रा कायम त्याच्या खिशात असे. चौदा वर्षांत दोघांनी विकत घेण्यासाठी एकतीस घरं पाहिली. प्रत्येक घरात छर्रा घरंगळला आणि त्याने घर नाकारलं. प्रत्येक वेळी ती गप्प बसली, कारण या कामातलं त्याला कळतं असं तिला वाटे.

त्या काळात भाड्याची सहा घरं झाली. भिंती परक्याच्या, म्हणून मुलीची उंची कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने नोंदवली. पाचव्या घरातून निघताना ते कपाट मोडलं. लग्नात आलेल्या काचेच्या पेल्यांचा खोका तर अजून बांधलेलाच होता. “आपल्या घरात गेल्यावर काढू,” असं तो एकदा म्हणाला होता. आता मुलगी शिकायला दूर गेली होती आणि घरमालकाने महिनाअखेरीस जागा सोडायला सांगितलं होतं.

“काय साहेब,” एजंट किल्ल्या वाजवत म्हणाला, “छर्रा घरंगळला म्हणून कुणी घर सोडतं का? लग्नाआधी वहिनींसमोरही ठेवून बघितला होतात की काय?”

“तेव्हा नव्हता माझ्याकडे.”

एजंट खो खो हसला. नवराही हसला. तिने वाकून भिंतीजवळचा छर्रा उचलला.

“मागच्या आठवड्यात हा मी तुमच्या खिशातून काढून नेला होता,” ती म्हणाली. ती वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. “पाणसळ लावून समतल केलेल्या काचेवर ठेवला. तिथेही घरंगळला. मग भिंगाखाली धरला. हा गोल नाहीच. एका अंगाने चपटा आहे. कसा ठेवाल त्यावर कुठे जाईल ते ठरतं.”

तो दचकेल, असं तिला वाटलं होतं. पुढचं वाक्यही तिने तयार ठेवलं होतं : जाऊ दे, चूक कुणाचीही होते.

त्याने छर्ऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“नापास मालातलाच आहे तो. मीच बाजूला काढला होता.”

खोलीत किल्ल्यांचा आवाज थांबला.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं ना.” तो खिडकीशी गेला. “घर घेतलं की सगळं कायमचं होतं. भाड्याच्या घरातून माणूस कधीही निघू शकतो.”

“घरातून, की माझ्यापासून?”

त्याने खिडकीची कडी सरकवून पाहिली.

“निघणं जमलं नाही कधी,” तो म्हणाला. बस चुकल्याचं सांगावं तसं.

तिने छर्रा पदराच्या टोकाने पुसला. त्याच्याजवळ जाऊन तो त्याच्या शर्टाच्या खिशात टाकला. मग खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि फरशीकडे एकदा नीट पाहून घेतलं.

“कागद तयार करा,” ती एजंटला म्हणाली.

“हो, हो. दोघांच्या नावाने ना, वहिनी?”

“नाही. एकच नाव घाला. माझं.”