चोवीसचा दगड

चंपतरावांनी दगडाच्या डोक्याला हिरवा रंग दिला आणि ब्रश डब्यात ठेवला. खालचा पांढरा अजून ओला होता. आकडा उद्या काढायचा.

"काऊन रंगवून राह्यले, बाबा? रद्द झाला हा दगड," दामिनी म्हणाली. ती आदिलाबादच्या शाळेत शिकवते. रविवार म्हणून गावी आली होती.

"रद्द सरकारनं केला. म्या नाई केला."

चंपतराव तीस वर्षं या रस्त्यावर मैलकुली होते. अठरा ते चोवीस किलोमीटर हा त्यांचा तुकडा. तिथले खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं, दगड रंगवायचे. त्याआधी त्यांच्या वडिलांनी याच रस्त्यासाठी खडी फोडली होती. तेव्हा राज्य निजामाचं होतं, दगडांवर मैल होते आणि आकडे उर्दूत. मग किलोमीटर आले, आदिलाबादपासून मोजलेले. राज्यमार्ग म्हणून दगडांची डोकी हिरवी. गाव चोवीसवर आलं आणि गावाला नावापेक्षा आकडाच चिकटला. लोक कंडक्टरकडे चोवीसचं तिकीट मागायचे.

तीन वर्षांपूर्वी रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला. वळण काढून तो सरळ केला. चंपतरावांचं घर आणि घरासमोरचा दगड सुटलेल्या वळणावर, पळसांच्या आड राहिले. नव्या रस्त्यावर पिवळ्या डोक्याचे दगड बसले. त्यांची मोजणी उलट्या टोकाकडून, सरहद्दीपलीकडून सुरू होते. गावात ते आकडे कोणी वाचले नाहीत.

"एकोणीस?" चंपतरावांनी अचानक विचारलं. लहानपणी ती याच दगडांवर मोजायला शिकली होती.

"जांभळीचा नाला."

"बावीस?"

"मोडका पूल."

"आन् अडतीस?"

ती हसली. "अडतीस कुठं आलं?"

"हेच हाये. नवा दगड तेच सांगते. पाठ कर पोरी. दगड सोभेचा नसते. परक्या माणसाले ठिकाना सांगाले असते."

"तुमीच तर जुना रंगवून राह्यले!"

"मी रंगवतो. तू पाठ कर."

"मले चोवीसच पाठ हाये, बाबा," ती म्हणाली आणि डबा उचलून घराकडे निघाली.

सोमवारी सकाळी ते आकडा काढायला बसले. दोन काढला आणि तिथंच आडवे झाले. दामिनी बससाठी निघाली होती. तिनंच आधी पाहिलं. तिनं अँब्युलन्ससाठी फोन लावला. पलीकडच्या बाईनं विचारलं, हायवेवर कुठं? तिनं एका दमात आकडा सांगितला. मग फोन गवतात टाकला आणि दोन्ही हातांनी बाबांची छाती दाबत राहिली.

वीस मिनिटांनी सायरन ऐकू आला. पळसांपलीकडून, नव्या रस्त्यानं, गाडी सरळ पुढे गेली. कापूस वेचणाऱ्या बायांनी ओरडून हात केले. गाडी थांबली नाही. ती परत आली तेव्हा आणखी पाऊण तास गेला होता. गवतातल्या फोनवर चार मिस्ड कॉल होते. चंपतराव गेले होते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात त्रिशरण झालं, पंचशील झालं. लोक पाणी प्यायले. मग दामिनीच्या चुलतभावानं, विनयनं, खिशातून कागद काढला. ड्रायव्हरविरुद्ध तक्रार. खाली साऱ्या गावाच्या सह्या आणि अंगठे होते. वरची जागा दामिनीसाठी कोरी ठेवली होती. मजकूरही तिनंच लिहून दिला होता, चांगल्या तेलुगूत. गाडी किती वाजता बोलावली, किती वाजता पुढे गेली, किती वाजता परत आली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त एक आकडा त्यात नव्हता.

ड्रायव्हर न बोलावता आला. नागेश त्याचं नाव, मंचेरियलचा, नोकरी कंत्राटाची. चपला काढून तो अंगणाच्या कडेला उभा राहिला.

"आज बराबर टायमावर आला, पाय," विनय म्हणाला. मागून कोणीतरी हसलं.

नागेशनं दामिनीच्या आईला, प्रयागबाईंना हात जोडले. "अम्मा, मेरेकू चौबीस बोले. मैं चौबीस पे गया. उधर कोई नहीं था."

"अबे, चोवीस हेच!" विनयनं पळसांकडे बोट केलं. "थो दगड नाई दिसत? मैताच्या घरी येऊन खोटं बोलून राह्यला!"

नागेशनं तिकडे पाहिलं. डोकं हिरवंगार होतं. खाली पांढऱ्यावर काळा दोन होता, आणि त्याच्या शेजारी मोकळी जागा.

"उसपे तो दो लिखा है," तो हळूच म्हणाला.

आता कोणी हसलं नाही. प्रयागबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या.

"सही कर, दामिनी. तुया बापाच्या समोरून गाडी नेली यानं. याची नोकरी गेली पायजे."

विनयनं पेन पुढे केलं. दामिनीनं ते घेतलं. कोऱ्या जागेवर टेकवलं. कागदावर निळा ठिपका उमटला. नागेश तिच्याकडे पाहत नव्हता. तो अजून त्या दगडाकडेच पाहत होता, आपण कुठं चुकलो ते शोधत असल्यासारखा.

तिनं पेनाला टोपण लावलं.

"माय," ती म्हणाली, "आपला आकडा अडतीस हाये. बाबांनं पाठ कर म्हटलं होतं. चोवीस म्या सांगतलं."