जिन्यावरची खोली

मालिकेतल्या घराला वरचा मजला नव्हताच. ताई त्यातल्या खाष्ट सासूबाई. सुनेला वाट्टेल ते बोलून त्या तरातरा जिना चढायच्या, वरचं दार आपटायच्या आणि मागच्या अरुंद फळीवर भिंतीला टेकून अंग चोरून उभ्या राहायच्या, खालून ‘कट’ येईपर्यंत. वर्षानुवर्षं हेच.

आज सासूबाईंचा शेवटचा सीन होता.

“सुटलात ताई,” दिग्दर्शक म्हणाला. “आता घरी आराम करा, सुनेकडून लाड करून घ्या.”

“तेवढंच तर हवंय रे. पोर गुणाची आहे माझी.”

त्या जिना चढल्या, दार आपटलं आणि सवयीने मागच्या भिंतीला टेकायला गेल्या. भिंत लागलीच नाही.

मागे खोली होती. दिवा लावलेला, अंथरूण घातलेलं, खाटेखाली त्यांच्याच मापाच्या सपाता. ताई बसल्या, मग आडव्या झाल्या. गादीत त्यांच्या अंगाचा खळगा आधीच पडलेला होता. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

खाली ‘कट’ झालं, टाळ्या वाजल्या. दाराबाहेरून कुणीतरी जिना उतरत गेलं.

“गाडी काढायला सांगा,” आवाज ताईंचाच होता, ठसका मात्र सासूबाईंचा. “घरी सून वाट बघत असेल.”

ताई उठून दाराशी गेल्या आणि त्यांनी हलकेच आतून कडी घातली.